दादाची स्पॅनिश पत्रं

सोलापूर, १४ जून १९२६

प्रिय नबीसाब,

रामराम आणि सलाम, दोन्ही घे. वर्षभर मुंबईत एका खोलीत राहून तुला यातला कुठला जास्त आवडतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गिरणीच्या ऑफिसात टपाल बघायचं काम मिळालं. सांगोल्याकडची आमची मेंढरं दुष्काळात गेली, तेव्हा आई आणि वहिनी माझ्याकडेच राहायला आल्या, उरलेल्या दोन शेळ्यांसकट. वहिनी गिरणीत सूत उकलायच्या खात्यात जाते. आई शेळ्यांशी बोलते आणि मी भिंतीशी स्पॅनिश बोलतो. शेजारच्या गोजाबाईनं आईला विचारलं, "पोरगं कसला मंत्र म्हंतंय?" आईनं सांगितलं, "मंत्रच हाय की. थोरल्याला घरी आणायचा."

तू नेहमी विचारायचास, धनगराच्या पोराला स्पॅनिश कशाला? मी हसण्यावारी न्यायचो. आज सांगतो. माझा थोरला भाऊ बिरदेव लढाईच्या वेळी सरकारी खेचरांबरोबर विलायतेकडे गेला. लढाई संपली, खेचरं संपली, आणि माणसांपेक्षा मेंढरं जास्त असलेला एक मुलुख आहे असं कुणीतरी सांगितल्यावर तो जहाजात बसून अर्जेंटिनात गेला. तिथे मेंढरं राखतो. त्याला अक्षर येत नाही. तिथल्या एका दुकानदाराला तो तोंडी सांगतो आणि दुकानदार आपल्या भाषेत लिहून घेतो. म्हणून सांगोल्याच्या धनगराची पत्रं घरी येतात ती स्पॅनिशमध्ये! खाली सहीच्या जागी आमच्या कळपाची खूण असते, मेंढीचा कान आणि त्याला दोन खाचा. घरात तेवढीच सगळ्यांना वाचता येते.

दादा जाऊन दहा वर्षं झाली. वहिनीचे वडील ज्ञानबा म्हणतात, तो येणार नसेल तर म्हाळसाचा पाट लावू. केमचा एक बिजवर आहे, शंभर मेंढरांचा. वहिनी म्हणते, पत्रात काय आहे ते आधी कळू द्या. दिवाळीपर्यंतची मुदत ठरली आहे. म्हणजे तिचा संसार माझ्या स्पॅनिशवर टांगलेला आहे, आणि माझं स्पॅनिश तुला माहीत आहे.

स्पॅनिश शब्दाचा अर्थ कोशात इंग्रजीत सापडतो. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ हेडक्लार्कच्या कोशात. तिथून घरी येईपर्यंत मूळ वाक्य विसरलेलं असतं. परवा एका ओळीत 'मेंढी' होतं, 'वारा' होता आणि 'गुडघा' होता. वारा सुटला आणि मेंढीचा गुडघा दुखावला की दादाचा, हे मला चार दिवस कळेना. वहिनीला मेंढीचा सांगितला.

पत्रं तुझ्याकडे नक्कल करून पाठवली असती, पण वहिनीनं बिरोबाची शपथ घातली आहे. पहिलं पत्र तिनं एका शाळामास्तरला दाखवलं होतं, तर त्यानं ते उलटंसुलटं धरून चारचौघांत चेष्टा केली. तेव्हापासून परक्या हातात कागद द्यायचा नाही.

पाद्रीबाबा कसे आहेत? त्यांचा स्पॅनिशचा वर्ग पुन्हा कधी?

तुझा,
बाळासो

&nbsp;

मुंबई, २६ जून १९२६

बाळासो मियाँ,

सलाम. रामराम तू घे, मला सलामच आवडतो. कळलं आता?

पाद्रीबाबांना तापानं इतकं खाल्लं की त्यांना हवापालटासाठी त्यांच्या मुलखात धाडलं. वर्गाला कुलूप आहे. आपण सहा जण होतो, त्यातले दोन पांगले, दोघांनी शॉर्टहँड धरलं. उरलो मी. आमच्या कंपनीची जहाजं तिकडच्या बंदरांत जातात म्हणून साहेबानं मला वर्गाला घातलं होतं, आता तो विचारतो, "आलं का स्पॅनिश?" मी म्हणतो, येतंय, वाटेत आहे.

मी माझी युक्ती काढली आहे. गोदीवर जातो आणि स्पॅनिश खलाशी दिसला की धरतो. परवा एकाला पाठ केल्याप्रमाणे "आपण कसे आहात?" विचारलं. त्यानं पाव तास उत्तर दिलं. पहिला शब्द 'वाईट' होता, पुढचं काही कळलं नाही. शेवटी तो रडायला लागला, तेव्हा मी त्याला चहा पाजला. तू भिंतीशी बोलतोस तेच बरं. भिंत रडत तरी नाही.

तू वर्गात सगळ्यांच्या मागे बसून सगळ्यांच्या वर आवाज काढायचास, तो का, ते आज कळलं. असं मनात ठेवून वर्षभर माझ्या शेजारी झोपलास! घाबरू नकोस. येतं तेवढं सांग, येत नाही ते येत नाही म्हण.

दादाची पत्रं अजून आपल्या जुन्या खोलीच्या पत्त्यावरच येतील ना? आलं की लगेच पुढे धाडीन. वरची तिकिटं मात्र माझी. साहेबाला परदेशी तिकिटांचं वेड आहे, आणि माझी नोकरी त्या वेडावर चालली आहे.

तुझा,
नबीसाब

&nbsp;

सोलापूर, ९ सप्टेंबर १९२६

प्रिय नबी,

तू पुढे धाडलेलं दादाचं पत्र पोचलं. पोचलं नसतं तर बरं झालं असतं.

रविवार होता, सगळे घरात होते. मी लिफाफा फोडला, कागद उलगडला, आणि आईनं किंकाळी फोडली. कागदाचा खालचा कोपरा फाटलेला होता. आपल्याकडे मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात हे तुला सांगायला नको. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते कार्ड वाचता येतं. आणि फाटला तो नेमका खुणेचा कोपरा. कान नाही, खाचा नाहीत.

मी ओरडून सांगत होतो की पहिल्या ओळीत 'मी बरा आहे' असं लिहिलंय. ऐकतो कोण? गोजाबाईनं तोवर गळा काढला होता. तिसऱ्या दिवशी ज्ञानबा सांगोल्याहून आले. मी त्यांच्यापुढे माझी स्पॅनिश शब्दांची वही धरली. ते म्हणाले, "बाळासो, तुज्या वहीत मेंढीला काय म्हंत्यात त्ये असंल. कोपऱ्याचं आमाला कळतंय."

मग वहिनी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "भावजी, बिरोबाची आन घिऊन सांगा. बरा हाय असंच लिवलंय नव्हं? तुमी व्हय म्हना, मी बांगड्यास्नी हात लावू द्याची न्हाय."

नबी, मी वही पुन्हा उघडली. तसंच लिहिलंय असं मला वाटत होतं, पण वाटणं आणि येणं यात किती अंतर आहे ते त्या दिवशी कळलं. दादाच्या प्रत्येक पत्राची सुरुवात 'मी बरा आहे' अशीच असते. दुकानदारानं सवयीनं लिहिलं असेल का? पुढे एक 'जाणं' आहे, एक 'घर' आहे, एक 'शेवट' आहे. दादा घरी जाणार आहे की दादा शेवटच्या घरी गेला? मी गप्प राहिलो. वहिनीनं मान खाली घातली आणि हात पुढे केले. दगडावर बांगड्या फुटल्या तो आवाज अजून कानात आहे.

दिवाळीनंतर केमला पाट ठरला आहे. तिला कुणी विचारलं नाही. तू काहीतरी सांग. तिकडे नुसता कोपरा फाडून मयत कळवायची रीत आहे का? त्या लोकांना ती कुणी शिकवली असेल?

तुझा,
बाळासो

&nbsp;

सोलापूर, ४ ऑक्टोबर १९२६ (कार्ड)

नबी, महिना होत आला. उत्तर नाही. तू आजारी आहेस की मी काही चुकलो? केमची माणसं परवा लुगडं ठरवून गेली. वहिनी कामावर जाते, येते, तेवढंच. दोन ओळी तरी लिही. बाळासो.

&nbsp;

मुंबई, ११ ऑक्टोबर १९२६

बाळासो,

मी आजारी नाही. मी भित्रा आहे.

तो कोपरा मी कापला.

दादाचं पत्र आलं तेव्हा ऑफिसची घाई होती. साहेबासाठी तिकीट काढायचं म्हणून लिफाफ्याचा कोपरा कात्रीनं उडवला. आतल्या घडीचं टोक तिथे आलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कापलेल्या लिफाफ्यातली घडी न बघताच नव्या लिफाफ्यात सरकवली, तो चिकटवला, तुझ्याकडे धाडला आणि गाणं म्हणत ऑफिसला गेलो.

तुझं पत्र वाचलं आणि ती कात्री आठवली. पण मनाला म्हटलं, कशावरून? तिकडूनच फाटून आलं असेल. कात्रीनं कापलेला कोपरा सरळ असतो, बाळासोनं 'फाटलेला' लिहिलंय. असं मी महिनाभर स्वतःला समजावलं. तुमच्या घरी रडणं चाललंय आणि मी सरळ-वाकड्याचा विचार करतोय! मग साहेब महाबळेश्वराहून परतला. मी त्याला तिकिटांची पेटी उघडायला लावली. तिकिटं अजून पाण्यात घालून सोडवलेली नव्हती. त्या तिकिटामागे लिफाफ्याचा तुकडा होता आणि त्याला चिकटून आतल्या कागदाचा कोपरा. त्यावर मेंढीचा कान आहे. दोन खाचा आहेत.

तो तुकडा सोबत पाठवतो आहे, रजिस्टर करून. त्यांना माझं पत्र वाचून दाखवू नकोस, तुकडाच दाखव. वहिनींना म्हणावं, नबीसाबच्या अकलेला मयताचं कार्ड धाडा, कोपरा फाडून.

मला माफ करायचं की नाही ते नंतर बघ.

नबीसाब

&nbsp;

सोलापूर, २४ ऑक्टोबर १९२६

प्रिय नबी,

तुला दोन दिवस शिव्या दिल्या. आता संपल्या.

तुकडा मी तसाच वहिनीच्या हातात दिला. तिनं पेटीतून पत्र काढलं, जमिनीवर पसरलं आणि कोपरा त्याच्या जागी लावून बघितला. रेघ रेघेला मिळाली. मग ती इतकी हसली की आई घाबरली. आईनं शेळीच्या गळ्यात पडून रडून घेतलं. ज्ञानबा आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "खाचा आमच्या जावयाच्याच." केमला नकार गेला. वहिनीनं नव्या बांगड्या भरल्या, हिरव्या.

तू महिनाभर गप्प राहिलास. मी तर समोर बसून गप्प राहिलो. तुझ्या कात्रीनं कोपरा गेला, पण बांगड्या फुटल्या त्या मला माझ्या वाचण्यावर भरवसा नव्हता म्हणून. तेव्हा माफी कुणी कुणाची मागायची ते तूच ठरव.

आता मी हट्टाला पेटलो आहे. रोज वीस ओळी. भोंग्याआधी दहा, जेवणाच्या सुट्टीत दहा. वहिनी समोर बसून ऐकते. मी अडलो की ती वही पुढे सरकवते. ते पत्र आता मला पुरतं लागलं: दादा बरा आहे, आईच्या डोळ्यांचं विचारतो, 'म्हाळसा रागावली आहे का' असं विचारतो, आणि पुढच्या वर्षीची मेंढरांची कातरणी झाली की घरी जायला निघणार आहे. 'शेवट' होता तो कातरणीचा. केवढ्या जंजाळात मी सापडलो होतो!

आणि ऐक, मी दादाला स्पॅनिशमध्ये उत्तर लिहिलं. पहिलं. दीड पान. त्यात चुका किती असतील देव जाणे. इथला पत्ता कळवला आहे, यापुढे तुझ्या कात्रीला त्रास नको.

तुझा,
बाळासो

&nbsp;

मुंबई, २ फेब्रुवारी १९२७

प्रिय बाळासो,

पाद्रीबाबा परत आले, निम्मे होऊन. वर्ग सोमवारपासून. मी त्यांना तुझं सांगितलं, वहिनींच्या शपथेपुरतं झाकून. ते म्हणाले, त्याला म्हणावं कोश कमी बघ आणि वाक्याच्या शेवटापर्यंत आधी जा, मग घाबर. काही अडलं तर मी आहे, असंही म्हणाले.

गोदीवरचा तो खलाशी पुन्हा भेटला. या वेळी कळलं की तेव्हा त्याची आई गेली होती. मी त्याला चहा पाजला होता हे त्याच्या लक्षात होतं.

दादा निघाल्याचं पत्र आलं की मला तारेनं कळव. गोदीवर उतरवून घ्यायला मीच जाणार. मेंढीच्या कानाची पाटी करून उभा राहीन.

तुझा,
नबीसाब

&nbsp;

सोलापूर, ६ नोव्हेंबर १९२७

प्रिय नबी,

पाटी करू नकोस.

काल पत्र आलं. चारी कोपरे धड होते, आणि कागदाच्या चहूबाजूंनी काळी रेघ होती, बोटभर रुंद. आईच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही पण रेघ दिसली. तिनं ती बोटानं चाचपली आणि गोजाबाईला हाक मारून दाखवली, "बग की! दिष्ट लागू नये म्हनून काजळाची रेघ वढलीया माज्या बिरूनं. लई हुशार झालाय." गोजाबाईनंही कानशिलावर बोटं मोडली. मलाही ती रेघ छानच वाटली. मी आईच्या आनंदात हसत हसत वाचायला बसलो.

पाद्रीबाबांनी सांगितलं होतं तसा आधी शेवटापर्यंत गेलो. शेवटी सही दुकानदाराची होती. तिकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडत नाहीत, कागदाला काळी रेघ ओढतात, हे तेव्हा कळलं.

नबी, मला सगळं कळलं. एक शब्द कोशात बघावा लागला नाही. दीड वर्ष मी ज्यासाठी भिंतीशी बोललो ते सगळं आलं, आणि नेमकं या पत्राला आलं. तिकडच्या हिवाळ्यात बर्फ पडलं. वाऱ्यात भरकटलेली मेंढरं आणायला दादा गेला. मेंढरं परत आली.

आई म्हणाली, "वाच की. मोठ्यानं."

मी वाचलं. म्हणजे, कागद डोळ्यांपुढे धरला आणि बोललो. दादा बरा आहे. कातरणी मोठी आहे, माणसं कमी आहेत, म्हणून मालकानं आणखी एक वर्ष ठेवून घेतलं. आईनं डोळ्यांत तूप घालावं. म्हाळसानं वाट बघावी. आईनं विचारलं, "खूण हाय नव्हं?" मी म्हटलं, आहे. ती गूळ आणायला उठली.

वहिनीनं पदर खोचला. मागच्या दारी शेळ्यांना पाला टाकायला गेली. थोड्या वेळानं मीही गेलो. ती पाठमोरी होती. म्हणाली, "भावजी, त्ये पत्र आना."

मी म्हटलं, वाचलं की आत्ताच.

"दीड वरीस मी तुमचं वाचनं ऐकत्ये. दर वळीला सात जागी थांबता. वही बगता, माजं त्वांड बगता, मग पुडं जाता. आज कुटंबी थांबला न्हाय. वही तर खुट्टीवरच व्हती." मग वळली. "आत्याबाईस्नी ह्ये कळाया नको. बापाला कळवा, जावई जित्ता हाय, म्हाळसाला वाट बगायची हाय. बांगड्या ऱ्हाऊ द्या हातात. मला केमला जायाचं न्हाय, हितंच ऱ्हायाचं हाय. पर मला खरं ऐकायचंय."

म्हणून तुला लिहितो. तू कधी आमच्याकडे आलास आणि आईनं विचारलं, तर दादा बरा आहे. पाद्रीबाबांनाही तेवढंच सांग.

दुकानदारानं आणखी काय लिहिलंय ते तुला सांगतो, शपथ मोडली तरी. माझं पत्र तिकडे पोचलं होतं. दादानं ते अकरा वेळा वाचून घेतलं. दुकानदार माझ्या चुका दुरुस्त करून वाचायला लागला, तर दादा म्हणाला, "नको. लिहिलंय तसं वाच, चुकांसकट. तो माझा भाऊ आहे." सगळ्यांशी तो त्यांच्या भाषेत बोलायचा, पण मेंढरं मोजायची वेळ आली की आपल्या भाषेत मोजायचा, आणि ते काय मोजतोय हे तिथे कुणाला कळायचं नाही. त्याच्या दगडावर नाव कसं लिहायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून कान कोरला आहे, दोन खाचांचा.

हे सगळं मी वहिनीला तिथेच पटापट सांगून टाकणार होतो. मनातून मोकळं व्हायचं होतं मला. तिनं हातानं थांबवलं. आत गेली, खुंटीवरची वही काढली, पदरानं पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. शेळ्यांच्या दाव्याशेजारी खाली बसली.

"असं न्हाय," म्हणाली. "नेहमीसारकं. अडखळत वाचा."

मी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.

तुझा,
बाळासो